भिंतीवरचं मेंढरू

मला राग लवकर येतो. आमच्या घरात सगळ्यांचंच तसं आहे. फरक इतकाच की अव्वाचा, म्हणजे आईचा, राग भांड्यांवर निघतो, अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, कुत्र्यांवर निघतो आणि माझा ज्याच्यावर आलाय त्याच्याच तोंडावर निघतो. त्यामुळे सोलापुरात कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी जे केलं, ते मला आजही चूक वाटत नाही. पुढं जे रामायण झालं ते झालं.

आमचं लेडीज होस्टेल कॉलेजच्या मागच्या अंगाला होतं. तिथं जायला एक अरुंद रस्ता, आणि त्या रस्त्यावर तिसऱ्या वर्षाची काही पोरं रोज मोटारसायकली आडव्या लावून बसायची. आम्ही दिसलो की हॉर्न वाजवायचे. वाट मागितली की म्हणायचे, "पासवर्ड सांगा." मुली बिचाऱ्या खाली मान घालून कडेच्या गटारीवरून उड्या मारत जायच्या. मीही चार दिवस तशीच गेले. पाचव्या दिवशी माझा पाय गटारीत गेला, चपलेचा पट्टा तुटला, आणि माझं डोकंच फिरलं. एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. सर दचकून खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना वाटलं, ही आता मारतेय की काय.

"मारायला नाही आले सर," मी म्हणाले, "दाखवायला आले. बघा, तुमच्या कॉलेजात पोरींना कुठनं चालावं लागतं."

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या तोंडाला साखळी लागली, वॉचमन बसला आणि मोटारसायकली गेल्या. होस्टेलमधल्या मुलींनी त्या दिवशी मला जेवताना चटणी वाढून वाढून माझं ताट लाल करून टाकलं. मी हवेत होते. पण त्या पोरांनी माझा चेहरा नीट पाहून ठेवला होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

चेहरा काय, माझं सगळंच त्यांना माहीत होतं. आम्ही दुधनीकडचे धनगर. दिवाळी झाली की घरातली अर्धी माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ती मिरगाला परत येतात. दिवाळीनंतर अप्पा मला भेटायला आले ते सरळ तळावरून, रानात मेंढरं बसवतात तिथून. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोक्याला पटका. कॉलेजच्या गेटाशी उकिडवे बसून माझी वाट बघत होते. मी आले तेव्हा त्या पोरांपैकी कुणीतरी मागून "बेंऽऽ" केलं. मला समजलं, कानशिलं तापली. अप्पांनी मात्र मान ताठ करून इकडं तिकडं पाहिलं.

"कुनाचं तरी कोकरू चुकलंय गं," ते म्हणाले, "आईला हाका मारतंय." आणि खरंच शोधायला निघाले! कँटीनच्या मागं जाऊन खाली वाकून बघून आले. मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांना बसस्टँडवर पोचवलं आणि कोकरू घरी गेलं असं सांगितलं.

आता अप्पांची अट सांगते, म्हणजे पुढं माझा जीव का टांगणीला लागला ते कळेल. बारावी झाल्यावर काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मी जेवण सोडलं. दोन दिवसांनी अप्पा म्हणाले, "एक वरीस शिकू दे तिला. मंग बगू. पर पोरीवर बोल आला, की त्याच दिवशी ट्रंक उचलायची आनि घरी यायचं." बोल म्हणजे चारचौघांत नाव निघणं. काका तिथंच बसले होते, त्यांनी ते पक्कं ध्यानात ठेवलं. मी सुद्धा.

आणि जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी होस्टेलच्या भिंतीवर माझं नाव निघालं.

तसं नाव लिहिलं नव्हतं. मैदानाकडच्या पांढऱ्या भिंतीवर काळ्या ऑइलपेंटनं, माझ्या उंचीची अक्षरं काढून, लिहिलं होतं: "मेंढरांचा कोंडवाडा". त्याच्याखाली एक जनावर. जनावराला रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या आणि अंगावर घोंगडी. होस्टेलात दोन वेण्या घालणारी मी एकटीच होते.

मी बादली उचलली, नारळाची काथी घेतली आणि भिंत घासायला धावले. माझ्या खोलीतली मैत्रीण मला आडवी आली. ती माढ्याची, बौद्ध घरातली. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या घरात अन्याय झाला की आधी अर्ज लिहितात, रडायचं ते नंतर. माझ्या अगदी उलट.

"थांब," ती म्हणाली, "आधी फोटो."

"फोटो काय काढतीस? लग्न हाय का माझं?"

"आधी फोटो, मग अर्ज, मग सगळ्यांच्या सह्या. तू पुसलंस की ते म्हणतील काही नव्हतंच."

तिनं तिथंच मैदानात मांडी घालून अर्ज लिहिला. काय अर्ज होता! "विषय: वसतिगृहाच्या भिंतीवरील अवमानकारक मजकूर व चित्राबाबत." मला शिव्या सुचत होत्या आणि हिला 'बाबत' सुचत होतं. पण खोटं कशाला बोलू, प्रत्येक मुलीनं त्या कागदावर सही केली तेव्हा मी हातातली बादली खाली ठेवली. ज्या मुलींशी मी बाथरूमच्या नंबरावरून भांडले होते, त्यांनीही केली. एकीनं तर सहीपुढं कंसात "तीव्र निषेध" लिहिलं.

प्राचार्य आले. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत पाहिलं, जणू मधल्या वेळात मजकूर बदलला असेल. मग त्यांनी पाच जणांची चौकशी समिती नेमली आणि शिपायाकरवी भिंतीवर एक कागद चिकटवला: "पुराव्यास हात लावू नये. आदेशावरून." तो कागद नेमका त्या जनावराच्या पायाशी. प्रदर्शनात चित्राखाली चित्रकाराचं नाव लावतात तसा.

झालं! ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळलं. सगळं कॉलेज बघायला आलं. पण एक सांगते, मला वाटलं होतं लोक हसतील, तसं फार कुणी हसलं नाही. मराठीच्या सरांनी पायऱ्यांवर निषेध सभा घेतली. माइक चालेना, म्हणून ते इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या शाळेतली पोरं कंपाउंडवर चढून बघू लागली. आमच्या वर्गातली मुलं, जी एरवी माझ्याशी बोलायला घाबरायची, ती चुन्याचं पोतं घेऊन आली. "ताई, आत्ता पुसून टाकतो." समितीनं त्यांना हाकललं. ती मुलं पोतं तिथंच ठेवून गेली, "लागंल तवा सांगा," म्हणून.

आणि आमचे कँटीनचे मामा! टक्कल पडलेला, तोंडाळ माणूस. त्यांनी सोमवारी दुपारीच जाहीर केलं, "भिंत बघून जो हसंल त्याचा चहा बंद." लोकांना वाटलं चेष्टा आहे. मंगळवारी त्यांनी एका क्लार्कलाच चहा दिला नाही. क्लार्क म्हणाला, मी वेगळ्याच गोष्टीवर हसत होतो. मामा म्हणाले, "मंग ती गोष्ट संपवून या."

हे सगळं बघून मला बरं वाटत होतं, पण मी दिवस मोजत होते. रविवारी अप्पा येणार होते. तळ त्या आठवड्यात सोलापूरच्या जवळच, दुधनीच्या रस्त्याला होता आणि अव्वानं कडक भाकरी, शेंगाची चटणी बांधून ठेवली होती. बुधवारी फोनवर ते म्हणाले, "बरं हाय न्हवं समदं?" मी म्हणाले, "लई बरं हाय." ते कोकराचं सोडलं, तर अप्पांशी मी त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर मी अर्धा तास उशीत तोंड खुपसून पडले.

शुक्रवारी कळलं की समितीतले एक सर परीक्षेच्या कामावर बाहेरगावी गेलेत, पुढची बैठक सोमवारी. तोवर पुराव्यास हात लावू नये. मी अप्पांना फोन लावला, येऊ नका म्हणून सांगायला. फोन बंद. तळावर वीज नसते, फोन कुणाच्या तरी वस्तीवर चार्जिंगला पडलेला असतो. मी खोलीत येऊन ट्रंक उघडली आणि कपडे भरायला लागले.

"हे काय?" मैत्रीण म्हणाली.

"रविवारी अप्पा भिंत बघतील, ट्रंक उचलतील. निदान कपडे तरी घडी करून नेते."

"त्यांना वाचता येत नाही म्हणालीस ना?"

"चित्र दिसतं की! वेण्या दिसतात, घोंगडी दिसती. आंधळे हायत का ते?"

तिनं माझ्या हातातले कपडे काढून घेतले. मग तिच्यातली कारकुनाची पोर जागी झाली. "हात लावू नये असं लिहिलंय," ती म्हणाली, "झाकू नये असं कुठं लिहिलंय?"

आम्ही रेक्टर मॅडमकडं गेलो. मॅडमचं माहेर तेलुगू विणकरांचं, भावांचे चादरीचे माग. आम्हाला त्या वाघीण वाटायच्या. सगळं ऐकून त्यांनी फक्त विचारलं, "भिंत किती लांब आहे?" आणि शनिवारी दुपारी भावाचा टेम्पो आला. त्यात डागी चादरी, म्हणजे कुठं धागा सुटलेल्या, कुठं नक्षी चुकलेल्या, दुकानात न गेलेल्या. लाल, हिरव्या, निळ्या, मोरांच्या, फुलांच्या. शिवाय प्रत्येक मुलीनं आपापली पांघरायची चादर आणली. गच्चीच्या कठड्याला दोऱ्या बांधून आम्ही भिंत वरून खालपर्यंत मढवून टाकली. मॅडम खालून ओरडत होत्या, "अगं उलटी टांगलीस! मोर डोक्यावर चालतोय का?" एवढ्या घाईतही त्यांना उलटी नक्षी सहन होत नव्हती. पाच-सहा मुली एकीकडं हसतायत, एकीकडं दोऱ्या ओढतायत. मीही हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी ती भिंत अशी दिसत होती की समोरून जाणारी माणसं थांबून विचारत होती, सेल आहे का. मामा तर कँटीन सोडून मैदानात येऊन बसले. आमच्या वर्गातली मुलं आली. ते तिसऱ्या वर्षाचं टोळकंही लांब उभं राहून बघत होतं. कॉलेजला सुट्टी, पण अर्धं कॉलेज तिथंच.

अप्पा आले. मी त्यांना गेटावरच गाठलं आणि सरळ खोलीकडं न्यायला लागले. पण जन्म लोकरीत गेलेला माणूस. एवढ्या चादरी बघून पुढं कसा जाईल? ते वळले ते भिंतीकडंच.

"आगं, थंडीत आंगावर घ्यायची वस्तू भितीला कशापाई?"

"वाळत घातल्यात, अप्पा. चला तुमी."

त्यांनी एका चादरीचा कोपरा दोन बोटांत धरून चोळला. "वल्या तर न्हाईत."

"वाळल्या आसतील. चला की!"

"वीण बगतो गं. घट हाय." असं म्हणत त्यांनी कोपरा उचलला आणि त्यांना चार पाय दिसले. त्यांनी आणखी उचललं. मी "अप्पा, नगा, नगा" करत त्यांचा हात धरला, ओढाओढ झाली, आणि वरची दोरी सुटली. एकामागून एक सगळ्या चादरी सर्रकन खाली. रेक्टर मॅडम "माझे मोर! धुळीत!" म्हणून ओरडल्या. सगळं मैदान अप्पांकडं बघायला लागलं.

अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मान एकदा या खांद्याकडं, एकदा त्या खांद्याकडं. बाजारात जनावर पारखताना करतात तसं. मी मनातल्या मनात ट्रंकेला कुलूप लावत होते. आणि अचानक अप्पा हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग पटका सावरत. अप्पा फार हसले की त्यांचं मराठी सुटतं आणि कानडी सुरू होतं.

"इदु कुरी अल्ला!" ते काठी आपटून म्हणाले. "आडु, आडु!" मग लोकांना कळलं नाही हे बघून, "आरं, ह्ये मेंढरू न्हाय! ही शेळी हाय!"

अप्पा भिंतीजवळ गेले आणि काठीनं दाखवायला लागले, आमचे झूलॉजीचे सर फळ्यावर दाखवतात तसे. "शेपूट बगा की. शेळीचं शेपूट वर आसतंय, मेंढराचं खाली. ह्येचं बगा, झेंड्यागत उभं! आनि ही दाडी? मेंढराला दाडी कुटं आसती का? आंगावर घोंगडं आमच्या मेंढराचं आनि खाली शेळी. वा रं वा!"

पहिले हसले ते मामा. मग आमच्या वर्गातली मुलं, मग मुली, मग रेक्टर मॅडमसुद्धा. आठवडाभर ज्या चित्राकडं बघून माझं रक्त उकळत होतं, त्याच्याकडं बघून लोक पोट धरून हसत होते, आणि हसत होते ते माझ्यावर नाही. मला काय झालं कुणास ठाऊक, मीही खो खो हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आणि तेवढ्यात तिसऱ्या वर्षाच्या टोळक्यातनं आवाज आला, अगदी दुखावलेला: "शेळी कशी? लोकर काढलीय की नीट! लोकरीलाच किती वेळ गेला!"

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याचे मित्र त्याच्यापासून एक-एक पाऊल बाजूला सरकले. माझ्या मैत्रिणीनं शांतपणे वहीतून पेन काढलं. "मॅडम, किती वाजले?" तिनं विचारलं, "लिहून घेते." आणि मामा उठून उभे राहिले. "तुजा चहा," ते म्हणाले, "पास होऊन जाईपर्यंत बंद!"

अप्पांना यातलं काही उमगलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की चित्रकार सापडला. ते त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू काडलंस व्हय? हात बेस हाय तुजा. पर तू मेंढरू जवळनं बगितलेलं न्हाईस. ये एकदा तळावर, दावतो." पोराचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटत असणार, म्हातारा टोमणा मारतोय. तो टोमणा नव्हता. अप्पांना टोमणे येत नाहीत.

"आनि वर काय लिवलंयस?" अप्पांनी विचारलं. "वाच की."

पोर खाली बघत उभं राहिलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. भिंतीवर लिहिताना त्याला काही वाटलं नव्हतं, पण या माणसाच्या तोंडावर ते वाचायची त्याची छाती झाली नाही. अप्पा माझ्याकडं वळले.

"तू वाच गं."

आता हसणं पार थांबलं होतं. मला पळून जावंसं वाटलं. पण आठवडाभर लपवालपवी करून मी थकले होते. मी वाचलं. अगदी हळू.

"मोट्यानं," अप्पा म्हणाले.

"मेंढरांचा कोंडवाडा."

"परत वाच."

मला रागच आला. "अप्पा, शिवी हाय ती! मला दिलीय. कितींदा वाचू?"

"शिवी हाय ते कळलं मला. तू वाच."

मी तिसऱ्यांदा वाचलं, चिडून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. अप्पा भिंतीकडं बघत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "एवडं समदं एका दमात वाचलीस? आडली न्हाईस कुटं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिलीपासून बारावीपर्यंत या माणसानं मला शाळेत धाडलं, पण मी वाचताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मी वस्तीशाळेत, ते रानात. मी मावशीच्या घरी, ते नदीकाठी. घरात पुस्तक उघडलं की ते मेंढरांकडं गेलेले. आपली पोर वाचते, हे त्यांनी लोकांकडून ऐकलं होतं. स्वतःच्या कानानं आज ऐकलं, आणि ऐकली ती ही शिवी. मला हुंदका आला आणि मी तिथंच, सगळ्यांसमोर, सगळं सांगून टाकलं. मोटारसायकली, चप्पल, भिंत, अर्ज. "चादरी वाळत घातल्या नव्हत्या, अप्पा. तुमच्यापास्नं लपवायला लावल्या हुत्या. माझ्यावर बोल आलाय. ट्रंक भरून ठिवलीय म्या."

अप्पांनी घोंगडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. ते विचार करताना तसं करतात. त्या पोराकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, चादरी झटकत उभ्या असलेल्या मुलींकडं पाहिलं.

"तुज्यावर कुटं आलाय बोल?" ते म्हणाले. "मेंढरांवर आलाय. मेंढरांचं माजं मी बगतो. तू शीक."

एवढंच. मग त्यांनी खाली वाकून एक चादर उचलली, झटकली आणि दुसरं टोक धरायला मला खुणावलं. आम्ही दोघांनी तिची घडी घातली. मग सगळ्याच मुली घड्या घालायला लागल्या. ते पोरही थोड्या वेळानं आलं आणि न बोलता एक टोक धरून उभं राहिलं. रेक्टर मॅडमनी त्याच्याकडं रोखून पाहिलं, पण टोक काढून घेतलं नाही.

समितीचं काम सोमवारी पाच मिनिटांत आटोपलं. त्या पोरानं लेखी माफी मागितली, तोंडीही मागितली, आणि शिक्षा म्हणून सगळी भिंत त्यानं आणि त्याच्या मित्रांनी रंगवायची ठरली. आमच्या वर्गाचं चुन्याचं पोतं उपयोगी आलं, पण ऑइलपेंट चुन्याला दाद देईना, तेव्हा रंगही आणावा लागला. अक्षरं गेली. जनावरावर ब्रश फिरणार एवढ्यात मी आडवी गेले.

"ते राहू दे," मी म्हणाले. "दाढी काढ आणि शेपूट खाली कर."

माझ्या मैत्रिणीनं त्यासाठी वेगळा अर्ज लिहिला: "विषय: चित्रातील शेपटीच्या दुरुस्तीबाबत." प्राचार्यांनी त्यावर "मान्य" असा शेरा मारला. दोन वेण्या अजून आहेत. नव्या मुली आल्या की त्या मेंढरापाशी उभ्या राहून फोटो काढतात.

पण मला सांगायची आहे ती त्या रविवारची दुपार. जेवणं झाल्यावर मी अप्पांना पोचवायला निघाले. मामांनी त्यांना आधी दोन कप चहा पाजला होता, पैसे म्हटल्यावर अंगावर धावून आले होते. रस्त्याला लागलो आणि अप्पांनी काठी वर केली. "त्ये काय लिवलंय?"

"चष्म्याचं दुकान."

"आनि त्ये?"

"दातांचा दवाखाना. कवळी एका दिवसात बसवून मिळेल."

"आनि हितं भितीवर?"

"येथे थुंकू नये."

अप्पांच्या तोंडात तंबाखू होती. ते जागच्या जागी थांबले आणि गाल फुगवून माझ्याकडं बघत राहिले. पुढचा चौक येईपर्यंत त्यांना बोलता आलं नाही. तोंड मोकळं झाल्यावर परत सुरू. हे वाच, ते वाच. मी वाचत होते, मोठ्यानं. भाड्याच्या सायकली, गाईचं तूप, लग्नाचा हॉल, बाळंतपणाचा दवाखाना. एवढ्या पाट्या सोलापुरात आहेत हे मलाही माहीत नव्हतं. रस्ता अर्ध्या तासाचा, आम्हाला दीड तास लागला आणि एक गाडी चुकली.

स्टँडवर दुसरी गाडी लागलेली होती. अप्पांनी पाटीकडं पाहिलं आणि मला हातानं थांबवलं. "ह्ये मला येतंय," ते म्हणाले. "दुदनी." अक्षरं येत नव्हती त्यांना, पण त्या तीन अक्षरांचा आकार इतक्या वर्षांत ओळखीचा झाला होता. मी टाळ्या वाजवल्या. ते लाजले. खरंच लाजले.

खिडकीची जागा मिळाल्यावर ते बाहेर डोकावले. "ह्या शाळंची आनि किती वरसं?"

"ह्ये धरून तीन." मी जीव मुठीत धरून म्हणाले, कारण ठरलं होतं एकच.

"आनि त्येच्या फुडं बी आसतंय का वाचायला?"

"आसतंय की, अप्पा. लई आसतंय."

"मंग वाच की," ते म्हणाले. "आडू नगंस कुटं."

गाडी सुटली. ती वळेपर्यंत मी उभी राहिले, आणि मग परत येताना त्या सगळ्या पाट्या मी पुन्हा मोठ्यानं वाचत आले. लोक वळून बघत होते. बघू देत.